कुठे बंद पडली?

आसनगाव ते खर्डी या पट्ट्यात मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला जी छोटी गॅरेजं आहेत, तिथे बंद गाडी दोरीने ओढून आणली की मालक आधी तिची बाजू मांडतो. परवाच सर्व्हिसिंग केलंय, प्लग नवे टाकलेत, बॅटरीला वर्षही झालेलं नाही. मिस्तरी हात पुसत सगळं ऐकून घेतो आणि एवढंच विचारतो, "कुठे बंद पडली?"

प्रश्न भोळा वाटतो, पण निम्मं निदान त्यातच असतं. "लतिफवाडीच्या पुढे, चढावर" असं उत्तर आलं तर तो आधी रेडिएटरकडे वळतो. "सकाळी दारातच" म्हटलं तर बॅटरीच्या टर्मिनलकडे. आणि "पुलावर पाणी होतं, त्यातून काढली" असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर तो किल्लीला हातच लावू देत नाही.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे, सह्याद्रीला पाठ टेकून बसलेले तालुके. एकाच्या टोकाला कसारा घाट, दुसऱ्याच्या टोकाला माळशेज. पावसाळ्यात इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात याच रस्त्यांवरचं डांबर मऊ होतं. त्यामुळे इथल्या गाडीचा बिघाड नुसता एखाद्या पार्टचा नसतो, तो एखाद्या जागेचा आणि मोसमाचाही असतो. किन्हवलीच्या रस्त्यावर वर्षभर कुरकुर न करणारी गाडी माळशेजच्या तिसऱ्या वळणावर वाफ सोडते, तेव्हा ती त्या दिवशी बिघडलेली नसते. ती आधीच बिघडलेली असते, घाट फक्त ते उघड करतो.

या भागातल्या अंगणांत, गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली ज्या जुन्या घरगुती गाड्या दिसतात, त्यांत मारुती ८०० चा मान अजून मोठा आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी दिल्लीत मालकाच्या हाती पडली आणि १८ जानेवारी २०१४ रोजी तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत देशात २६ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं तेच छोटं इंजिन ओम्नीच्या पुढच्या सीटखाली बसलं आणि शाळेच्या मुलांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं त्याने ओढलं. त्याआधीची पिढी प्रीमियर पद्मिनीची, लोकांच्या तोंडी कायमची 'फियाट'. नंतरची १९९८ च्या इंडिका आणि सँट्रोची. मुरबाडला अजून रेल्वे आलेली नाही. एसटी आणि शेअर जीप सोडली तर दवाखान्याला, बाजाराला, म्हशाच्या यात्रेला जायला घरची गाडी लागतेच, मग ती वीस वर्षांची का असेना.

सकाळच्या दारातल्या बिघाडापासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात जास्त फसवणारा आहे. किल्ली फिरवली, गाडी उठली नाही, की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: बॅटरी गेली. पुष्कळदा ती गेलेली नसते. जुने मिस्तरी यासाठी हेडलाइट वापरतात. लाइट लावून सेल्फ मारायचा आणि दिव्याकडे बघायचं. दिवा पार विझला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल नीट धरत नाही. दिवा तसाच झगझगीत राहिला आणि आवाजही आला नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. दोष स्विचमध्ये, वायरीत किंवा सोलेनॉइडमध्ये शोधायचा. दिवा किंचित मंद झाला आणि नुसता 'टक' आवाज आला, तर सेल्फचे कार्बन झिजलेले असण्याची शक्यता मोठी. एवढ्या परीक्षेला अर्धं मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत.

टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवा बुरा गरम पाण्याने धुऊन, तांब्याची तार घासून, वर व्हॅसलिन लावलं की कितीतरी 'गेलेल्या' बॅटऱ्या परत येतात. याहून लपून बसणारा चोर म्हणजे अर्थिंगची पट्टी. बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी ही जाड वायर पावसाळ्यागणिक आतून गंजत जाते. वरून ती शाबूत दिसते. सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह मात्र तिच्यातून जाऊ शकत नाही. शंका असेल तर बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनाचा उघडा लोखंडी भाग एका जाड जंपर वायरने थेट जोडून बघायचं. गाडी उठली तर निकाल लागला.

हल्ली दोन-तीनशे रुपयांना मल्टिमीटर मिळतो आणि जुन्या गाडीच्या मालकाने सीट कव्हरच्या आधी तो घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो, १२.२ च्या खाली आला तर ती निम्म्याहून रिकामी आहे. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.४ वर चढला पाहिजे. चढत नसेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही. दोष डायनामोत आहे. (अल्टरनेटरला अजून सगळे डायनामोच म्हणतात, खरा डायनामो गाड्यांतून जाऊन पिढी लोटली.) बेल्ट सैल असेल, कार्बन झिजले असतील किंवा डायोड उडाला असेल. नवी बॅटरी टाकून आठ दिवसांनी पुन्हा दारात अडकलेल्या गाड्यांची कथा बहुतेक वेळा हीच असते.

धक्का मारून सुरू करण्याचा मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्यातही पिढीचा फरक आहे. कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनच चालवतं, म्हणून बॅटरीत थोडा जीव असला तरी ती धक्क्यावर उठते. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीचा पंप टाकीत बसलेला आणि विजेवर चालणारा. बॅटरी पूर्ण मेली असेल तर गावातली सगळी पोरं लावली तरी ती उठणार नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुखणं बदलतं. गाडी सुरू होते, पण थरथरते, आचके देते, चढाला ओढत नाही. "मिसिंग मारते" हा त्यासाठीचा इथला शब्दप्रयोग. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक गप्प झाला तर एक तृतीयांश ताकद गेली, म्हणून मारुतीच्या मिसिंगला जेवढा थरकाप असतो तेवढा चार सिलिंडरच्या फियाटला नसतो. कोणता सिलिंडर झोपला हे शोधायची जुनी रीत म्हणजे इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढणं. काढल्यावर इंजिन आणखी लडबडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तोच आजारी. मात्र त्या वायरीत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, तेव्हा रबरी मूठ असलेल्या पकडीशिवाय हात घालू नये. इंजेक्शनच्या गाडीत वायर मोकळी सोडून ठेवली तर इग्निशनचं मॉड्यूलही उडू शकतं. तिथे इंजेक्टरचा प्लग काढून हीच परीक्षा करता येते.

पावसातल्या मिसिंगचं मूळ बहुतेकदा दमट हवेत असतं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला केसाएवढी चीर असली तरी ओलाव्याने त्यात विजेची वाट तयार होते आणि ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच आडवाटेने पळते. ही पळवाट डोळ्यांनी दिसू शकते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायचं. फुटक्या वायरींभोवती निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला तर आणखी स्पष्ट. तात्पुरता इलाज म्हणजे इंजिन बंद करून कॅप काढून कोरड्या फडक्याने आतून पुसणं. कायमचा इलाज नवी कॅप, नवा रोटर आणि नव्या वायरी. प्लग बदलून मिसिंग गेलं नाही म्हणून कार्बोरेटर खोलायला घेणारे मिस्तरीही आहेत. त्यात दिवस जातो, पैसे जातात आणि दुपारी ऊन पडल्यावर गाडी आपोआप बरी होते. मग श्रेय कार्बोरेटरला मिळतं.

पाण्यातून गाडी काढण्याबद्दल मात्र विनोदाला जागा नाही. २६ जुलै २००५ चा पूर या भागाने पाहिला आहे. जुलै २०१९ च्या अखेरीस उल्हास नदीने कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायत्याचा पूल पाण्याखाली घेतला होता. अशा वेळी लोकांना चिंता सायलेन्सरची वाटते. "रेस कमी करायची नाही, पाणी सायलेन्सरमधून शिरतं," हा सल्ला सर्रास मिळतो. खरा धोका पुढून आहे. एअर क्लीनरचं तोंड बुडालं की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पिस्टन वर येताना त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरला, तर बहुधा प्लग काढून, सेल्फ मारून, पाणी उडवून, ऑइल बदलून भागतं. मोह आवरला नाही तर इंजिन खोलावं लागतं.

आता घाट. कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना रेल्वे १४ किलोमीटरांत सुमारे ३०० मीटर चढते आणि ३७ ला १ या चढासाठी तिला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. घरच्या गाडीला बँकर नसतो. पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, एसी चालू, आणि बॉनेटखाली चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेरचं इंजिन. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत जातो, बाकीची उष्णता. तिचा मोठा वाटा रेडिएटरने बाहेर टाकायचा असतो.

काटा लाल रेषेकडे जाऊ लागला की पहिला प्रश्न पुन्हा तोच, कुठे? गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर पंखा बघायचा. उलट उभी असताना ठीक आणि चढावर किंवा वेगात गरम, तर पाण्याचा प्रवाह कमी आहे: रेडिएटर आतून चोक झाला, थर्मोस्टॅट अडकला किंवा वॉटर पंपाची पाती झिजली. पंख्याची खात्री सोपी आहे. गाडी उभी ठेवून गरम होऊ द्यायची. पंखा लागला नाही तर त्याच्या वायरी थेट बॅटरीला लावायच्या. फिरला तर मोटर चांगली, दोष थर्मोस्विच किंवा रिलेत. फियाटला हा प्रश्नच नव्हता, तिचा पंखा बेल्टवर कायम फिरायचा. तिथे बेल्ट ताणून बघितला की झालं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते नुसतं झाकण नाही, तो एक व्हॉल्व्ह आहे. ०.९ लिहिलेलं झाकण आतला दाब तेवढ्या किलोपर्यंत धरून ठेवतं आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचा रबर कडक झाला, दाब निसटला, की हेच पाणी १०० ला उकळायला लागतं. म्हणजे इंजिनात काहीही न बिघडता गाडी उकळते. शंभर-दीडशे रुपयांच्या झाकणाऐवजी रेडिएटर बदललेले मालक पुष्कळ सापडतील.

थर्मोस्टॅटबद्दल तर इथे एक पंथच आहे. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असं म्हणत तो काढून फेकून दिला जातो आणि गाडी खरोखर थंड चालते. पण ८०-९० अंशांवर चालण्यासाठी बनवलेलं इंजिन सारखं ६० वर चाललं तर पेट्रोल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं, आणि एमपीएफआय गाडीचा कॉम्प्युटर इंजिन अजून गारच आहे असं समजून जास्त पेट्रोल देत राहतो. मालक मग मायलेज पडलं म्हणून तक्रार घेऊन येतो आणि त्याला प्लग बदलायला सांगितलं जातं. घाटात गरम होणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढणं म्हणजे तापाच्या रुग्णाचा थर्मामीटर फोडण्यासारखं आहे.

पाणी कोणतं घालायचं हाही इथला खास प्रश्न. भातसा, तानसा, वैतरणा या मुंबईची तहान भागवणाऱ्या धरणांचा तालुका म्हणजे शहापूर, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. गाडीच्या वाट्याला बहुतेकदा बोअरचं पाणी येतं. काळ्या कातळातलं ते पाणी जड असतं. चहाच्या भांड्यात पांढरा थर देतं आणि रेडिएटरच्या नळ्यांतही तसाच देतं. तीन-चार वर्षांत नळ्या बुजतात. कूलंट महाग वाटला तरी त्यातलं गंजरोधक द्रव्य हेच इंजिनाच्या आतल्या ॲल्युमिनियमचं खरं औषध आहे. तो परवडत नसेल तर निदान बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी वापरावं. पावसाचं गाळलेलं पाणीही बोअरपेक्षा बरं.

घाटातच गाडी तापली तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली. मे महिन्यात हीटर लावायचा म्हणजे छळ वाटतो, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि काटा थोडा खाली येतो. मग मोकळी जागा बघून थांबायचं. झाकण अर्धा तास तरी उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी एकदम मोकळं झालं की तोंड-हात भाजतात, आणि रस्त्यावर होणाऱ्या भाजण्यांत याचा वाटा मोठा असतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झाकण काढून गाडी सुरू केली आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅसकेट गेलं असं समजायचं. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा रंग दिसला तर शंका उरत नाही. तिथून पुढे ढकलत नेण्यात काही शहाणपण नाही, टो करून न्यावी.

चढावर आणखी एक वास येतो, जळक्या रबरासारखा. तो क्लचचा. इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही. घरी परत आल्यावर सपाट जागेत हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून, क्लच हळूहळू सोडून बघावा. इंजिन झटक्यात बंद पडलं तर प्लेट ठीक. ते आरामात चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे, आणि माळशेजला जायचा बेत पुढे ढकलावा.

उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड, हे बैलगाडीवाल्यांना ठाऊक होतं. मोटारीच्या बाबतीत हिशोब मांडता येतो. साडेनऊशे किलो वजनाची भरलेली मारुती माळशेजमधून मुरबाडच्या बाजूला ५०० मीटर खाली येते असं धरलं, तर त्या उतारात जी ऊर्जा सुटते ती सुमारे १४ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला पुरेल. हवेचा आणि टायरचा विरोध त्यातली थोडी खातो. बाकीची एक तर इंजिन अडवतं किंवा ब्रेक गिळतात. न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवत उतरणारा माणूस सगळी उष्णता ब्रेकवर ढकलतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ट्रकवाल्यांचा नियम त्यासाठीच आहे. इंजेक्शनच्या गाडीत तर गिअरमध्ये, पाय पूर्ण उचलून उतरताना कॉम्प्युटर पेट्रोल जवळजवळ तोडतोच; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते प्यावंच लागतं.

ब्रेक दोन तऱ्हेने दगा देतात. पायाला घट्ट लागतात पण गाडी थांबत नाही, लायनरचा जळका वास येतो, हा पहिला प्रकार. लायनर इतके तापले की त्यांची पकड सुटते. थांबून थंड केले की परत येते. दुसरा प्रकार जास्त भयंकर, पॅडल स्पंजासारखं खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण तीन-चार टक्के पाणी मुरलं की तेच १४० अंशांवर उकळतं. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. कोकणालगतच्या दमट हवेत हे मुरणं लवकर होतं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, काळं झालं असो वा नसो. हे काम तीन-चारशे रुपयांत होतं आणि तरी जुन्या गाड्यांत ते वर्षानुवर्षं होत नाही, कारण ब्रेक लागत असतात.

ब्रेकची चिंता मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली तीनचाकी घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर, म्हणजे शहापूरहून नाशिकपर्यंतचा पल्ला. वाटेत चोक झालेली इंधनाची नळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि उतारांवर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंग अशी रस्त्याकडेच्या दुकानात जन्माला आली.

एक दुखणं खड्ड्यांचं. वळण घेताना पुढच्या चाकातून 'कट-कट-कट' असा आवाज आला तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला. त्याच्यावरचा रबरी बूट आधी फाटलेला असतो. ग्रीस उडून जातं, लाल चिखल आत शिरतो. बूट वेळीच बदलला तर काम शेकड्यात, जॉइंट गेला तर हजारात. लागवडीच्या दिवसांत शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्या गाड्यांनी दर पावसाळ्यानंतर खाली वाकून तेवढं बघावं.

टायरचं दुखणं नव्या रस्त्याने पुढे आणलं. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा तो रस्ता शहापूर तालुक्यातून जाऊ लागला. गावात चाळीसच्या वेगाने फिरणारी गाडी त्यावर शंभरला जाते. टायरची नक्षी शाबूत असते, कारण गाडी चालतेच कमी, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सहा-सात वर्षांपुढे गेलेला, कडेला बारीक चिरा पडलेला टायर घेऊन काँक्रीटच्या रस्त्यावर वेगाने जाऊ नये, नक्षी कितीही सुंदर असो.

सगळ्यात वाईट अवस्था चालणाऱ्या गाडीची नसते, उभ्या गाडीची असते. कल्याण-ठाण्यात राहणाऱ्यांची गावातली गाडी गणपतीला निघते, मग होळीला. मधल्या काळात भात कापणी होते, खळ्यावर पेंढा रचला जातो आणि उंदरांना बॉनेटखाली ऊबदार घर मिळतं. एअर क्लीनरच्या डब्यात पेंढ्याचं घरटं आणि कुरतडलेल्या वायरी हा नोव्हेंबरनंतर गॅरेजमध्ये दिसणारा नेहमीचा देखावा. डांबरगोळ्या, तंबाखूच्या पुड्या असे उपाय लोक करतात. खात्रीचा उपाय एकच, गाडी पेंढ्यापासून लांब ठेवणं आणि आठवड्यातून एकदा तरी फिरवणं. ओल्या हवेत हँडब्रेक ओढून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटतात. उभी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, हँडब्रेक मोकळा.

यात आता पेट्रोलही बदललं आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्याला धरून बनवल्या गेल्या. मारुती ८०० च्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची पॅकिंगं त्याच्या कितीतरी आधीची. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज सहा ते सात टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज दिला होता. त्याहून त्रासदायक म्हणजे इथेनॉल ओलावा धरतं आणि टाकीतला जुना मळ सोडवतं. तो फिल्टरमध्ये येऊन बसतो, आणि गाडी सपाटीवर ठीक, चढावर पेट्रोल कमी पडून दम तोडते. लक्षण इग्निशनच्या दोषासारखंच दिसतं. फरक एवढा की मिसिंग धक्के देतं, पेट्रोलची उपासमार गाडीला हळूहळू झोपवते. जुन्या गाडीत वर्षातून एकदा फिल्टर आणि दोन-तीन वर्षांनी पेट्रोलच्या नळ्या बदलणं हा आता चैनीचा खर्च राहिलेला नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर तो खर्च त्याच दिवशी करावा.

पंधरा वर्षं झाली की कागदांचं दुखणं सुरू होतं. खासगी गाडीची नोंदणी त्यानंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० करण्यात आली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. वीस हजाराला मिळणाऱ्या गाडीवर एवढा खर्च करायचा का, हा प्रश्न मग जेवणाच्या ताटावर निघतो. उत्तर बहुतेकदा खालच्या पत्र्यावर अवलंबून असतं. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स मिळतो. पण पायाखालची फ्लोअर गंजून रस्ता दिसू लागला, सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं तो भाग भुसभुशीत झाला, तर ती गाडी घाटात नेण्यालायक राहत नाही. गालिचा उचलून पेचकसाच्या मुठीने फ्लोअर ठोकून बघावी. चांगला पत्रा वाजतो, कुजलेला दबतो.

ती परीक्षा पास झालेल्या गाड्यांसाठी पार्ट शोधायची पाळी येते. मारुतीचे अजून शहापुरात, मुरबाडात, निदान कल्याणात मिळतात. फियाटचं काम वेगळं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची; वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर पार्टांचं मोठं गिऱ्हाईकही. आता कार्बोरेटर हवा असेल किंवा स्टिअरिंग बॉक्स, तर मिस्तरी आसनगावहून लोकल पकडतो आणि कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारात गल्लीगल्लीतून, टांगलेल्या सायलेन्सरखालून वाकत, हातातला झिजलेला तुकडा दाखवत फिरतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना याच कुर्ल्यात होता. फियाट तिथूनच निघाली होती. संध्याकाळच्या कसारा लोकलला तो दारात उभा राहतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कार्बोरेटर पिशवीत, आणि पिशवीतून डब्यात पेट्रोलचा वास पसरू नये म्हणून तिचं तोंड मुठीत घट्ट धरून.